नावं ठेवणारा बेझारा

आंबातुबे गावात बेझाराइतके तिखट डोळे कुणाचे नव्हते आणि त्याच्याइतकी सैल जीभही कुणाची नव्हती. देवाने दोन्ही एकाच माणसाला दिली आणि त्यांच्या मधोमध विचार करायला जी थोडी जागा लागते ती ठेवायला विसरला, असं त्याची सासू सुआवेलू म्हणायची. ती हे जावयासमोरच म्हणायची, कारण माघारी बोलणं तिला पटत नसे.

डोळ्यांचं मात्र खरं होतं. क्षितिजावर होडी तांदळाच्या दाण्याएवढी दिसत असताना तो सांगायचा की वल्हं कुणाच्या हातात आहे, कारण प्रत्येकाचा खांदा वेगळा खाली जातो. शेजाऱ्यांच्या कोंबड्या तो चालीवरून ओळखायचा. कोंबडी चोरीची दोन भांडणं त्याच्या साक्षीने मिटली होती. तिसऱ्या भांडणात चोरीची कोंबडी त्याच्याच घरच्या नारळाच्या रश्शात सापडली. तेव्हा तो म्हणाला, पिसं काढल्यावर मला ओळख पटत नाही.

आंबातुबे ज्या बेटावर आहे त्याचं नाव बाहेर गाजतं ते देवमाशांमुळे. जूनच्या अखेरीस ते येतात आणि सप्टेंबर सरता सरता जातात. पैसेवाली गोरी माणसं त्यांना बघायला येतात, होडीत उभी राहून रडतात आणि मग ओकतात. बेझाराला या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. नावात देव असला म्हणून काय झालं, असं त्याचं म्हणणं. "दक्षिणेच्या बर्फातून एवढं पोहत येतात, आणि कशाला? तर नरांना माद्या पटवायच्या आणि माद्यांना पिल्लं घालायची. तीन महिने अन्नाचा कण पोटात नाही, नुसता धिंगाणा. आणि तो सगळा आमच्या दारात. स्वतःच्या घरी थंडी वाजते म्हणून दुसऱ्याच्या अंगणात लग्न लावायचं, ही कुठली रीत."

एका जुलैत यातल्याच एकाने त्याचं जाळं नेलं. कोरं करकरीत जाळं, निळ्या दोरीचं, अख्खी लवंगांची तोडणी संपेपर्यंत बसून विणलेलं. सकाळी तो ते ओढायला गेला तर ओढायला काही नव्हतंच. थोड्या अंतरावर एक पाठ वर आली, आणि तिच्यावरून त्याचं जाळं चर्चमधल्या नवरीच्या डोक्यावरच्या कपड्यासारखं फरफटत होतं. मग शेपटी उभी राहिली, सावकाश, अगदी निरोप घेतल्यासारखी, आणि नवरी जाळ्यासकट पाण्यात गेली.

बेझारा वल्हं मारत थेट बंदरावर गेला. तिथे देवमाशांची नोंद ठेवणारी दोन खोल्यांची कचेरी होती. आत हाइंगो नावाची सव्वीस वर्षांची मुलगी बसलेली. डोंगराकडची, राजधानीत शिकलेली, समुद्राचा अभ्यास केलेली आणि समुद्रावर गेलं की पोट उलटणारी.

"तुमच्या जनावराने माझं जाळं नेलं," बेझारा म्हणाला.

"आमचं जनावर नाही ते, मामा."

"मग कुणाचं? त्यांच्याकडे बघत बसायचा पगार कोण घेतं? राखणीतली गाय शेतात घुसली तर गुराख्यालाच धरतात."

हाइंगोने हसू गिळलं. "बरं, कोणतं जनावर होतं?"

तिला वाटलं, या प्रश्नावर माणूस गप्प बसून घरी जाईल. आजवर सगळे गेले होते. बेझारा म्हणाला, "दाखवा की."

तिने जाडजूड वही पुढे सरकवली. सहाशे शेपट्यांचे फोटो, सगळ्यांची खालची बाजू. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं, आणि कुठल्याही दोन सारख्या नाहीत. बेझारा बोटाला थुंकी लावून पानं उलटत गेला. अर्ध्या तासाने त्याने एका फोटोवर बोट टेकवलं. "ही. डावीकडे कडेला कुणीतरी चावा घेतलाय, आणि उजवीकडे भात सांडल्यासारखे ठिपके. हीच ती चोरटी."

हाइंगोला ते खोटं वाटलं. पण चार दिवसांनी तिच्याच होडीतून कुणीतरी त्याच शेपटीचा फोटो काढला आणि त्यात शेपटीच्या बुंध्याला निळी दोरी अडकलेली होती. दुसऱ्या सकाळी ती चपला हातात घेऊन वाळूतून बेझाराच्या दारात हजर झाली. जाळं काही तिच्याकडे नव्हतं. नोकरी होती.

"काम काय?" बेझाराने विचारलं.

"होडीत पुढे बसायचं आणि कुठला देवमासा आहे ते सांगायचं."

"म्हणजे आता मी पण गुराखी."

"हो," हाइंगो म्हणाली, आणि आतून त्याची बायको ऑनोरीन म्हणाली, "घेऊन जा. घरात तसाही पुढेच बसलेला असतो."

* * *

कामात एकच अडचण निघाली. प्रत्येक जनावराला आकडा होता. दोनशे सतरा, चारशे तीन, असे. बेझाराला आकडे लक्षात राहात नसत. "आकड्याने हाक मारल्यावर कुणी वळून बघतं का, बाई?" असं म्हणून त्याने आपल्या सोयीने नावं ठेवायला सुरुवात केली. आणि नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा गावात नव्हताच, हे गाव जन्मापासून ऐकत आलं होतं.

पहिलं नाव सासूचं पडलं. एक थोराड मादी होती. तिचा फवारा सगळ्यात मोठ्याने सुटायचा आणि काही कारण नसताना ती चाळीस चाळीस वेळा पाण्यावर शेपटी आपटायची. तिला सुआवेलू सोडून दुसरं काय म्हणणार?

दुसरं नाव लेझाफी आजोबांचं. ते गावाचे मुख्य, हातात लाल काठी, पूर्वजांना दारू शिंपडायचा मान त्यांचा. शेपटीवर काठीसारखी सरळ रेघ असलेला एक म्हातारा नर होता. तो पाण्यात डोकं खाली करून लटकायचा आणि तासन् तास गात राहायचा. आजोबांची भाषणंही साधारण तशीच असत.

तिसरं नाव क्लेमान्सचं. ही आजोबांची तिसरी बायको, वय अडतीस, आजोबा एक्काहत्तर. ती पहाटे दारात चूल मांडून तांदळाचे गोड वडे करायची. ते घ्यायला गावातले सगळे पुरुष रांग लावायचे, घरी पोटभर खाऊन आलेलेसुद्धा. एक मादी खाडीच्या तोंडाशी आली की तिच्यामागे अशीच रांग लागायची. नर एकमेकांना ढकलायचे, डोकी आपटायचे, पाठी सोलून रक्तबंबाळ व्हायचे, आणि ती पुढे आपल्याच तंद्रीत पोहत राहायची. बेझाराने तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "लिहा, क्लेमान्स." हाइंगोने लिहिलं. तिच्या वहीत 'स्थानिक नाव' असा रकाना होता आणि तो वर्षानुवर्षं रिकामा पडला होता. तो भरतोय याचाच तिला आनंद. गावात ती कधीमधी यायची. आजोबांना आजोबा म्हणायची, बायकांना ताई. कुणाचं नाव काय, हे विचारायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

असे दोन हंगाम गेले. शंभराच्या वर नावं झाली. अर्धं आंबातुबे समुद्रात पोहत होतं आणि उरलेल्या अर्ध्याला पत्ता नव्हता.

पत्ता फक्त ऑनोरीनला होता, तोही अपघाताने लागला. एका संध्याकाळी ती कसाव्याच्या पाल्याची भाजी वाढत असताना बेझारा सहज म्हणाला, "आज क्लेमान्सच्या मागे सातजण होते. दोघांची डोकी फुटली."

ऑनोरीनचा डाव हवेत थांबला. "कुठे?"

"खाडीच्या तोंडाशी."

"आणि म्हातारा?"

"म्हातारा कुठला यायला. तो पलीकडे उलटा लटकून गात होता."

ऑनोरीन पाटावर बसली. बऱ्याच वेळाने उलगडा झाला तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "हे कुणाला कळलं तर तुझी पाठ सोलतील." आणि एवढं म्हणून, वर्षभर, तिने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. आंबातुबेत गुपित इतके दिवस टिकल्याचं दुसरं उदाहरण नाही.

* * *

हाइंगोला गावाकडून एक ठराव हवा होता. गावासमोरच्या उथळ पाण्यात, जेमतेम तीन पुरुष खोल, माद्या आपली पिल्लं घेऊन येतात. बाहेर नरांचा दंगा आणि मोठ्या लाटा. पिल्लाला धड पोहता येत नाही, श्वास घ्यायला वर यायचं म्हटलं तरी आई नाकाने उचलून धरते. त्यांना ही एवढीच निवांत जागा. आणि नेमकी तिथेच गावाची जाळी. जुलै ते सप्टेंबर तिथे जाळं टाकू नये, एवढंच तिचं मागणं. दोन वर्षं ती मागत होती. दोन वर्षं आजोबा म्हणाले, "बघू." पूर्वजांना दारू शिंपडली, उरलेली प्यायले आणि विषय संपला.

तिसऱ्या वर्षी, ऑगस्टच्या सुरुवातीला, ती पडदा आणि जनरेटर घेऊन आली. आंब्याच्या झाडाखाली अख्खं गाव जमलं. पुढे आजोबा, बाजूला क्लेमान्स, मागे सुआवेलू आपल्या बायकांच्या ताफ्यासह. बेझारा आरामात लवंग चघळत उभा होता. भाषणाचं त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

हाइंगो म्हणाली, "दोन वर्षं मी तुम्हाला आकडे सांगितले आणि तुम्ही झोपलात. या वर्षी मी नावं सांगणार आहे. तुमच्याच माणसाने दिलेली, तुमच्या भाषेतली नावं."

बेझाराच्या तोंडातली लवंग घशात गेली.

"ही बघा," पडद्यावर शेपटी उभी राहिली, "ही क्लेमान्स. मागच्या वर्षी तीन ऑगस्टला हिच्यामागे सात नर होते. चार तारखेला आणखी चार."

आंब्याखाली अशी शांतता पसरली की जनरेटरची धडधड छातीत वाजायला लागली. हाइंगोला वाटलं, शेवटी एकदाचे लोक लक्ष देऊन ऐकतायत. ती खुलली.

"सगळे एकमेकांशी भांडत होते. क्लेमान्स कुणाला जवळ येऊ देते हे नुसतं बघून सांगणं अवघड असतं, कारण ते सगळं पाण्याखाली चालतं."

मागून कुणीतरी खोकल्यासारखा आवाज काढला. क्लेमान्स समोर बघत होती. आजोबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आणि हा लेझाफी. हा फार जुना नर. त्या दिवशी हा तिथून जवळच तीन तास गात होता. एकही मादी त्याच्याकडे फिरकली नाही."

आता मात्र आंबा हलला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती, आणि ज्यांना आजोबांच्या भीतीने हसता येत नव्हतं ती माणसं पोट धरून वाळूत बसली होती. हाइंगो गोंधळून कागद चाळत राहिली आणि, सवयीने, पुढचं वाचून गेली. "सुआवेलू. वयस्क मादी. विनाकारण पाणी आपटते. एका बैठकीत त्रेचाळीस वेळा."

सुआवेलू उभी राहिली. हसणं जागच्या जागी थांबलं. "त्रेचाळीस," ती म्हणाली. "मोजलं कुणी?"

गर्दीतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथे बेझारा नव्हता. होती फक्त त्याची एक चप्पल.

* * *

दोन दिवस तो लवंगांच्या बागेत लपला. ऑनोरीन भात आणि भाताच्या खरपुडीचं पाणी पोचवायची आणि गावात काय चाललंय ते सांगायची. "सात नर कोण, यावर लोक पैजा लावतायत. बायका नवऱ्यांना विचारतायत, तू पहाटे कुठे जातोस. वड्यांची रांग बंद पडली. क्लेमान्सचे वडे परवापासून डुकरं खातायत."

"आणि तुझी आई?"

"आई म्हणते, त्रेचाळीस नव्हे, चव्वेचाळीस. चव्वेचाळिसावा तुझ्या डोक्यात."

तिसऱ्या दिवशी निवाडा बसला. बेझारा एक कोंबडी आणि उसाच्या दारूचा घडा घेऊन आला. कोंबडी स्वतःची होती, हे आधी दोघांनी तपासून घेतलं. हाइंगोही आली होती. तिला आता सगळं कळलं होतं आणि तिचा चेहरा पाण्यावर नसतानाही हिरवा झाला होता.

"जिवंत माणसाचं नाव जनावराला द्यायचं," आजोबा म्हणाले, "हे कुणाच्या बापजाद्यांनी केलं होतं का?"

"नाही, आजोबा."

"मग तू का केलंस?"

बेझाराने खूप विचार केला. इतका वेळ विचार करताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. "मला आकडे लक्षात राहात नाहीत, आजोबा. लक्षात राहतात ती आपल्या गावची माणसंच. दिवसभर समुद्रावर बसायचं, तर कुणीतरी ओळखीचं असलेलं बरं वाटतं."

"आणि सात नर? ते काय म्हणून?"

"ती वड्यांची रांग, आजोबा. दुसरं काही नाही. तुमच्या गळ्याची शपथ."

"माझा गळा राहू दे. त्यावर तू आधीच पुरेसं बोलला आहेस."

आजोबा निकाल सांगायला उभे राहणार तेवढ्यात क्लेमान्स बोलली. निवाड्यात बायका मधे बोलत नाहीत. पण तिसऱ्या बायकोला कुणी अडवलं तर ते आजोबांनीच, आणि आजोबांना नऊ वर्षांत ते जमलेलं नव्हतं.

"नावं पुसायची की नाही ते नंतर ठरवा. आधी मला ती बघायची आहे."

"काय बघायची आहे?"

"जिच्यामागे सातजण लागतात ती. आपलं नाव कुठे वापरलंय ते माणसाने बघायला नको?"

सुआवेलूने लगेच हात वर केला. "मला पण. मी काय आपटते ते बघते."

आजोबांनी दोघींकडे पाहिलं, मग समुद्राकडे. शेवटी काठी टेकत म्हणाले, "होडीत जागा किती आहे?"

* * *

दुसऱ्या सकाळी निघाले. पुढे बेझारा, मागे इंजिनावर ऑनोरीनचा भाऊ, मधे आजोबा, क्लेमान्स, सुआवेलू आणि बादली मांडीवर घेतलेली हाइंगो. समुद्र तेलासारखा गुळगुळीत होता. अर्ध्या तासाने बेझाराने हात वर केला आणि इंजिन बंद झालं.

"आजोबा, तुम्ही खाली आहात," तो म्हणाला.

हाइंगोने तारेला बांधलेला माइक पाण्यात सोडला आणि डबीसारखा भोंगा फळीवर ठेवला. आधी नुसती खरखर आली. मग खालून आवाज उठला. जुना दरवाजा हळू उघडावा तसा, मग गाईच्या हंबरण्यासारखा, मग वर चढत चढत बारीक होत गेलेला. थोडं थांबून पुन्हा तोच दरवाजा, तीच गाय, तीच चढण. होडीची फळी तळव्यांखाली थरथरत होती.

आजोबा काठीवर हनुवटी ठेवून ऐकत राहिले. असा पाऊण तास गेला.

"कुणासाठी गातोय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ते अजून नक्की कुणालाच माहीत नाही, आजोबा," हाइंगो बादलीतून तोंड वर काढून म्हणाली. "माद्यांसाठी असावं. पण बहुतेक वेळा दुसरा नरच येतो आणि मग हा गाणं थांबवून भांडायला जातो."

"आणि हे सगळे नर गातात?"

"सगळे. आणि सगळे एकच गाणं. वर्षभरात ते थोडं बदलतं, आणि मग सगळेच बदललेलं गातात."

"हा बरा गातो की वाईट?"

हाइंगो गांगरली. बेझारा वळून म्हणाला, "हा सगळ्यांत लांब गातो, आजोबा. बाकीचे मधेच दम टाकतात." आणि हे मात्र तो खरं बोलत होता.

आजोबांनी खिशातून चपटी बाटली काढली. थोडी पाण्यात ओतली, एक घोट स्वतः घेतला. "चला पुढे," म्हणाले. क्लेमान्सने त्यांच्या हनुवटीवरून ओघळलेली दारू पदराने पुसली. हेही तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

परतताना, गावाच्या अगदी समोर, उथळ हिरव्या पाण्यात बेझाराला एक पाठ दिसली, आणि सावकाश वर उचललेली शेपटी. त्याने डोळे बारीक केले. मग त्याचा आवाजच बदलला. "क्लेमान्सताई, तुम्ही आलात."

मादी पाण्यात ओंडक्यासारखी पडून होती. तिच्या डोक्याजवळून एक राखाडी पिल्लू वर आलं, वाकडंतिकडं, पाठीवरचा पंख अजून एका बाजूला मुडपलेला. शिंकल्यासारखा छोटासा फवारा सोडून ते घसरून आईच्या पाठीवरच पडलं. आई हलली नाही. पिल्लू उतरलं, पुन्हा चढलं, पुन्हा पडलं.

सुआवेलू बोटांवर मोजायला लागली. "मागच्या ऑगस्टला सात नर. हा ऑगस्ट. बारा महिने. बरोबर आहे. सातातल्या कुणाचं?"

"ते नुसतं बघून कळत नाही, आजी," हाइंगो म्हणाली.

"बघून तर कुणाचंच कळत नाही," सुआवेलू म्हणाली, "म्हणून तर लग्नं लावतात."

नऊ वर्षं झाली होती क्लेमान्सच्या लग्नाला आणि तिला मूल नव्हतं. गावात त्यावर बोलून झालेलं होतं, आता कुणी बोलतही नसे. ती काठावर दोन्ही हात टेकून वाकली होती. मादी वळली तेव्हा तिच्या मानेमागचा खळगा दिसला.

"किती वाळलीय ती," क्लेमान्स म्हणाली.

"दक्षिणेतून निघाल्यापासून काही खाल्लं नाही तिने," हाइंगो म्हणाली. "इथे तिला खायला काही मिळतही नाही. अंगावरची चरबी जाळते आणि पिल्लाला दूध पाजते. परत तिकडे पोचेपर्यंत असंच."

"आणि सातजण?"

"ते गेले दुसऱ्या माद्यांकडे."

"एक आहे की तिथे," सुआवेलू म्हणाली. खरंच, थोडं मागे, ना जवळ ना लांब, एक नर तरंगत होता. काही करत नव्हता. मादी सरकली की तोही सरकायचा.

"तो बाप नसावा," हाइंगो म्हणाली. "असे एकेकटे नर आई-पिल्लामागे राहतात. मदत काही करत नाहीत. आपलाही नंबर लागेल या आशेने थांबतात."

"खायलाही देत नाही?"

"नाही."

"राखणही करत नाही?"

"फारशी नाही."

"नुसता पुढे-मागे करत बसतो." सुआवेलूने समाधानाने मान डोलावली. "त्याचं नाव काय ठेवलंय?"

"अजून काही नाही," बेझारा म्हणाला, आणि म्हणताच त्याला कळलं.

"मग लिही गं पोरी," सुआवेलू हाइंगोला म्हणाली. "बेझारा."

आजोबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग खोकला. क्लेमान्सही हसली, पण डोळे पिल्लावरच होते. हाइंगोने लिहिलं. ती नोंद अजून आहे.

किनाऱ्याला लागेपर्यंत आजोबांनी काठी उचलली नाही. वाळूत उतरल्यावर, जमलेल्या लोकांसमोर, त्यांनी ती एकदा आपटली. "इथून त्या काळ्या खडकापर्यंत, जुलै ते सप्टेंबर, कुणी जाळं टाकायचं नाही. क्लेमान्स आणि तिचं लेकरू तिथे आहे. ज्याला जाळं टाकायचं असेल त्याने आधी माझ्या घरी येऊन तिला तसं तोंडावर सांगावं."

कुणी गेलं नाही. दोन वर्षं आकडे सांगून जे झालं नव्हतं ते असं एका सकाळी झालं. हाइंगो हे तिच्या अहवालात कसं लिहावं याचा बरेच दिवस विचार करत होती.

* * *

त्यानंतर बेझाराला जे दिवस आले ते त्याला शोभले नाहीत. ज्यांचे देवमासे होते ते त्यांची विचारपूस करायला यायचे, ज्यांचे नव्हते ते तक्रार घेऊन. चर्चमधला प्रार्थना सांगणारा एमील आला आणि म्हणाला, मला काही हाव नाही, पण दुकानदाराचा आहे आणि माझा नाही, हे लोकांना बरं दिसत नाही. बेझाराने त्याला एक उड्या मारणारा तरुण नर दिला. एमीलला तो जरा जास्तच उड्या मारणारा वाटला, पण त्याने घेतला. माणसं कचेरीत येताच आपापल्या जनावराची बाजू घ्यायला लागली. दोन शेजारी महिनाभर बोलले नाहीत, कारण एकाच्या नराने दुसऱ्याच्या नराला डोकं मारलं होतं.

पुढच्या वर्षी सुआवेलू पिल्लू घेऊन आली. समुद्रातली. आंबातुबेतल्या सुआवेलूने, वय बाहत्तर, सगळ्या गावाला कॉफी पाजली आणि आठवडाभर कुणी समोर आलं की "झोप मिळत नाही हो" असं म्हणत फिरली. क्लेमान्सची चूल पुन्हा सुरू झाली. रांगेत आता बायकाही उभ्या राहतात. हंगामात ती वडे झाले की खडकावर जाऊन बसते आणि उथळ पाण्यात कोण आलंय ते बेझाराच्या आधी सांगते. कधी कधी तिचं बरोबरही असतं.

हाइंगोची बदली राजधानीत झाली, जिथे तिचं पोट ठीक राहतं. वही बेझाराकडे आली. त्याचं अक्षर असं की ते त्याचं त्यालाच वाचता येतं.

एके दिवशी ऑनोरीन न सांगता होडीत येऊन बसली. बरोबर डब्यात भात आणि सुकी मासळी.

"आज काय?" बेझाराने विचारलं.

"आईचा आहे. क्लेमान्सचा आहे. एमीलचासुद्धा आहे. दीडशेच्या वर झाले म्हणतोस."

हे कधीतरी येणार हे बेझाराला चार वर्षं माहीत होतं.

"माझा का नाही?"

"धीर झाला नाही," तो म्हणाला. "काहीही दिलं असतं तरी चुकलं असतं. मोठी दिली असती तर तू म्हणाली असतीस मला जाडी म्हणतोस. बारीक दिली असती तर म्हणाली असतीस उपाशी ठेवतोस."

"म्हणजे अक्कल आहे," ऑनोरीन म्हणाली. "चल, मी माझी बघते."

तिने सकाळभर बघितल्या. एक फार आपटणारी, एक फार लाजरी, एक तिच्यामागे तीन नर घेऊन आलेली, तिच्याकडे ऑनोरीनने जरा जास्त वेळ बघितलं आणि मग नको म्हणाली. दुपारच्या सुमाराला होडीच्या अगदी जवळ एक मादी वर आली. श्वास घेतला, एकदा डोळा वळवून दोघांकडे पाहिलं, आणि शेपटी अजिबात वर न उचलता सरळ खाली गेली. पाण्यावर फक्त एक गुळगुळीत गोल उरला.

"ही," ऑनोरीन म्हणाली.

"हिची शेपटीच नाही दिसली. शेपटीशिवाय नोंद होत नाही. पुन्हा आली तरी मला ओळखता येणार नाही."

"तेच म्हणतेय मी." ऑनोरीनने डबा उघडला आणि त्याच्या हातात मासळीचा मोठा तुकडा ठेवला. "वहीत लिहू नकोस. जेव."

बेझाराने वही बंद केली आणि तो जेवला.